शनिवारचा हात, रविवारचा हात

आमचा मुलगा डाव्या हातानं जेवायला लागला तेव्हा घरात बरेच दिवस वाद चालला. वादाचा विषय होता जर्मनी. त्याच्या कोपराकडे कुणी पाहिलंच नाही.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आम्ही श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात एका चार मजली इमारतीत राहत होतो. माझे यजमान पन्नास ते साठ सालाच्या दरम्यान तिथल्या टेक्निकल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आले आणि ती झाल्यावर एका कारखान्यात चिकटले. मी मुलाला घेऊन मागाहून गेले. तेव्हा तो एवढासा होता. आता बारा वर्षांचा होता. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आपण म्हणावं, "दूध पिऊन घे," आणि त्यानं म्हणावं, "ग्लाइश." म्हणजे पितो नंतर.

त्या वसंतात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, बोटीनं जिनोआपर्यंत आणि पुढे आगगाडीनं. सहा महिने राहणार होत्या. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. नातू जर्मनमध्ये बोलायचा, त्या मराठीत बोलायच्या, आणि दोघांचं उत्तम जमायचं. इमारतीत त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल तर केरवोखे. जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकायची. आठवडा संपला की तो माणूस ती शेजारच्या दारावर अडकवून मोकळा. सासूबाई म्हणाल्या, शब्दातच केर आहे, म्हणजे आपलीच माणसं. आमची पाळी आली की जिना त्या स्वतः झाडायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवून यायच्या.

आता बेसबॉलबद्दल. आमच्या भागापासून जवळच अमेरिकन सैन्याची छावणी होती. तिथला एक सार्जंट छावणीत न राहता आमच्याच रस्त्यावर भाड्यानं राहायचा. त्याचा मुलगा आणि आमचा मुलगा एका वयाचे. दर शनिवारी सार्जंट आपल्या मुलाला आणि आणखी सात-आठ पोरांना गाडीत कोंबून छावणीमागच्या मैदानावर न्यायचा. एका शनिवारी आमचाही कोंबला गेला. या खेळात मधोमध एक मातीचा उंचवटा असतो, त्यावर उभा राहून एक जण जीव खाऊन चेंडू फेकतो आणि समोरचा तो दांड्यानं मारायला बघतो. फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. बाकीची पोरं उन्हात उभी असतात. पिचर मात्र प्रत्येक चेंडूला कामाला जुंपलेला. आमच्या मुलाचा चेंडू का कुणास ठाऊक, पहिल्यापासून सरळ आणि जोरात जायचा. सार्जंटनं महिन्याभरात त्याला पिचर केलं.

यजमानांनी आधी नाक मुरडलं. त्यांच्या मते हात वाकवून फेकायचं तर आंबे पाडावेत, त्याला खेळ कशाला म्हणायचं. पण एकदा ते मैदानावर जाऊन आले आणि नंतर आठवडाभर कारखान्यातल्या लोकांना सांगत सुटले.

मग मुलाच्या शाळेतल्या व्यायामाच्या मास्तरांनी जर्मन मुलांचा संघ काढायचं ठरवलं. सार्जंटनं जुने हातमोजे, दांडे, चेंडू देऊन टाकले. माणूस दिलदार होता. त्यांचा खेळ रविवारी, त्याच मैदानावर. सार्जंट तेव्हा येत नसे. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, सार्जंटला जर्मनमध्ये बिअर मागवण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि मैदानावर दोन्ही येणारा एकच प्राणी होता, आमचा मुलगा. त्यामुळे रविवारी तो सार्जंटनं सांगितलेलं समजावायला दुभाष्या म्हणून जातो आणि जाता जाता थोडा खेळतो, अशी माझी समजूत होती. दोन्ही संघांचे सदरे मीच धूत असे. कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या माझ्या कामांच्या कागदावर सोमवारच्या रकान्यात ते दोन सदरे लिहिलेले असायचे. त्या सदऱ्यांत कोण काय करतं, हे रकान्यात नव्हतं.

जूनमध्ये केव्हातरी मुलानं ताटाशेजारी काटा मागितला. आमच्या घरी पोळीभाजी हातानं आणि उजव्याच हातानं खायची, हा नियम. त्यानं काटा डाव्या हातात धरला, जर्मन लोक धरतात तसा, आणि पोळीचे तुकडे टोचून खाऊ लागला. सुरी मात्र हातात नव्हती. उजवा हात मांडीवर.

सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काय रे, साहेब झालास?"

त्यानं आणखी एक तुकडा टोचला.

"डावा हात कशासाठी असतो ते ठाऊक आहे ना? की तेही विसरलास?"

"आजी, इथं सगळे असंच जेवतात," तो जर्मनमध्ये म्हणाला. मी भाषांतर केलं, आणि ते मी करायला नको होतं, कारण सासूबाईंनी लगेच आपल्या मुलाकडे मोर्चा वळवला. आठ वर्षांत पोरगं हातचं गेलं, हे त्यांचं म्हणणं. यजमानांनी मुलाला बजावलं की बाहेर काय करायचं ते कर, घरात उजवा हात. मुलानं दुसऱ्या दिवसापासून आजी पूजेला बसली की भराभर जेवून घ्यायचं ठरवलं. मग सासूबाई देवघर लवकर आटोपू लागल्या. देवघर म्हणजे काय, खिडकीतली एक फळी. असा पाठशिवणीचा खेळ सुरू झाला. रात्री यजमान माझ्याशी गंभीरपणे बोलत. मुलाला पुण्याला शिकायला ठेवावं का, इथपर्यंत गाडी गेली. मी म्हणाले, काट्यावरून कुणी मुलाला बोटीत बसवत नाही.

पण मलाही वाटत होतं, तो बारा वर्षांचा आहे, या देशात वाढतोय, जे होतंय ते असंच होणार.

एका सकाळी शाळेची घाई होती. न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि तो आरशासमोर भांग पाडत होता. डाव्या हातानं. कंगवा वाकडातिकडा जात होता, भांग रस्त्यासारखा वळत होता, आणि तो पुन्हा मोडून पुन्हा पाडत होता. मी तिथंच थांबले. काटा डाव्या हातात धरणारे जर्मन मी रोज बघत होते. पण भांग डाव्या हातानं पाडायची पद्धत कुठल्याच देशात नसते. मग आठवायला लागलं. दप्तर डाव्या खांद्यावर. दाराची कडी डाव्या हातानं. सदऱ्याचं वरचं बटण उघडं, रोज, आणि मी रोज ओरडते.

मी म्हणाले, "उजव्या हाताची बोटं उजव्या खांद्याला लाव."

"कशाला?"

"लाव म्हणते ना."

बोटं हनुवटीच्या खाली कुठंतरी येऊन थांबली. चेहरा पांढरा पडला. मी म्हणाले, बरं, आता हात सरळ कर. तोही होईना. कोपर मध्येच अडकून राहिलं, अर्धवट मिटलेल्या चाकूसारखं. आतल्या बाजूला, जिथं हाडाचं टेंगूळ लागतं, तिथं मी बोट टेकवलं आणि त्यानं हात झटकन मागे घेतला.

त्या दिवशी तो शाळेत गेला नाही. मी त्याला अस्थिरोगाच्या डॉक्टरांकडे नेलं, कोपराचा एक्स-रे फोटो काढून घेतला आणि बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसले. तो एवढंच विचारत होता की बाबांना सांगणार का.

डॉक्टर वयस्क होते, शांत. त्यांनी कागदावर हाड काढून दाखवलं. म्हणाले, मोठ्या माणसाचं हे हाड एकसंध असतं. या वयात कोपराच्या आतला हा उंचवटा मूळ हाडाला पक्का जोडलेला नसतो, मध्ये कूर्चेचा मऊ थर असतो. जोरात चेंडू फेकला की दंडाखालचे स्नायू नेमका हाच तुकडा ओढतात. एकदा ओढला तर काही होत नाही. पण मधे विश्रांती न देता ओढत राहिलं तर तो सुटत जातो. हा थोडा सुटला होता. हात आता थांबवला तर भरून येईल. नाही थांबवला तर कोपर जन्मभर असंच वाकलेलं राहू शकतं.

मग त्यांनी मुलाला विचारलं, फेकतोस कधी?

"शनिवारी," तो म्हणाला.

"सगळा वेळ तूच?"

"हो."

"आणि मग विश्रांती?"

तो जमिनीकडे बघायला लागला. मी म्हणाले, रविवारी हा दुसऱ्या संघात असतो, पण तिथं नुसता...

"तिथंही मीच पिचर," तो म्हणाला. आणि हे मात्र मराठीत म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मी विचारलं, तुझ्या सार्जंटला ठाऊक आहे? नाही. मास्तरांना? तेही नाही. दोघांमध्ये बोलणारा हाच. याला विचारल्याशिवाय त्यांना एकमेकांचं काही कळायचा मार्गच नव्हता. दोन संघांबद्दल तो खोटं बोलला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. शनिवारी सार्जंट समजायचा की पोरगं आठवडाभर आराम करून आलंय. रविवारी मास्तरही तेच समजायचे. दोघांनाही ताजा हात मिळत होता आणि हात एकच होता.

घरी येताना ट्राममध्ये त्यानं राहिलेलं सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी सार्जंटचा संघ विरुद्ध मास्तरांचा संघ असा सामना ठरला होता. छावणीत बँड, सॉसेजेस, सगळं. दोघांनीही आपापला पिचर म्हणून यालाच धरलं होतं. आता कुणाला नाही म्हणायचं ते याला सुचत नव्हतं, म्हणून तो दोघांसाठीही फेकत राहिला. दुखतंय म्हटलं तर दोघंही दुसरा मुलगा बघतील. शिवाय जर्मनमध्ये एक म्हण आहे, रेड इंडियनाला वेदना ठाऊक नसतात. मास्तर कुणी पडलं-झडलं की ती म्हणायचे, आणि पोरं याच्याकडे बघून हसायची की तू तर खास तिकडचाच. चूक देश, पण बारा वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं.

संध्याकाळी मी यजमानांना आणि सासूबाईंना फोटो दाखवला. यजमान इंजिनियर, त्यांनी तो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग एवढंच म्हणाले की कारखान्यात असा जोड सुटलेला भाग ते यंत्रात एक दिवस ठेवणार नाहीत. सासूबाईंनी फोटो पाहिला नाही. त्या नातवाकडे गेल्या.

"बोलला का नाहीस रे?"

तो म्हणाला, आजी, तू मला साहेब म्हणत होतीस, ते बरं होतं. दुखतंय म्हटलं असतं तर खेळू नको म्हणाली असतीस.

मी भाषांतर करायच्या आधीच त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. त्यांनी त्या रात्री पोळीचे बारीक तुकडे केले, भाजीत कालवले आणि वाटीत घालून चमच्यासकट त्याच्या डाव्या हाताशी ठेवले. म्हणाल्या, "उजव्या हातात धरवत नाही तोवर हा हातच उजवा." आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच विरोध करत होते, "काय गं, यात काय झालं?"

मला रात्रभर झोप लागली नाही असं काही झालं नाही. मी झोपले. पण सकाळी उठल्यावर माझ्यापुढे काम स्पष्ट होतं. आमच्या मुलाचा हात आता थांबला होता. पण दोन्ही संघांत आणखी पाच-सहा पोरं अशी होती की शनिवारी इकडे, रविवारी तिकडे. आमच्याऐवजी उद्या त्यांतला एखादा भांग डाव्या हातानं पाडणार.

रविवारी संध्याकाळी मी सार्जंट आणि मास्तर दोघांना एकाच वेळी घरी बोलावलं. रव्याचा शिरा केला होता. भाषांतराला मी. मुलगा बाजूच्या खोलीत, दार उघडं ठेवून.

सार्जंटला फोटो दाखवला. बाही वर करून त्यानं स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला. तो पूर्ण सरळ होत नव्हता. म्हणाला, मॅम, शाळेत असताना माझाही असाच झाला. आमचे कोच म्हणायचे, चोळ आणि फेक. मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या पोरांना असं कधी करणार नाही. शनिवारी मी त्याला नेहमी विचारायचो, हात कसा आहे, आणि तो म्हणायचा, छान.

मी हे मास्तरांना सांगितलं. मास्तर लाल झाले. म्हणाले, मी तर विचारलंही नाही.

मग दोघं एकदम बोलायला लागले, आपापल्या भाषेत, आणि सूर एकच: चूक माझी. मला दोघांचं भाषांतर करायला वेळच मिळेना. शेवटी मी म्हणाले, चूक वाटून घ्यायला वेळ खूप आहे, आधी शिरा खा, तो गार होतोय.

माझी योजना साधी होती. केरवोखेची पाटी. ज्या मुलानं सामन्यात पिचिंग केलं, त्याच्या पिशवीच्या पट्ट्याला लगेच मैदानावर लाकडी पाटी अडकवायची. पाटी आहे तोवर तो कुठल्याही संघात फेकणार नाही. पळेल, मारेल, पण फेकणार नाही. शनिवारी अडकवलेली पाटी रविवारी मास्तरांना आपोआप दिसेल. भाषा लागणार नाही, दुभाष्याही लागणार नाही. आणि पाटी काढायची कुणी, तर घरच्या बाईनं, पुढच्या शनिवारी सकाळी, मुलाला हात खांद्याला लावायला सांगून. कोचनं नाही. कोचला सामना जिंकायचा असतो.

सार्जंटला शंका आली. पोरांना पाटी घालून फिरायची लाज वाटेल, पाटी खिशात जाईल. मास्तरांना मात्र एकही शंका आली नाही. ते इथल्याच, श्वाबेन मुलखातले, त्यांच्या आईच्या दारावरही पाटी लटकत होती. "केरवोखे म्हणजे केरवोखे," ते म्हणाले. "ती खिशात घालत नाहीत." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की सार्जंटनं मान डोलावली.

यजमानांनी कारखान्यातून प्लायवूडचे टाकाऊ तुकडे आणले आणि पाट्या कापल्या. सासूबाईंनी प्रत्येकीला भोक पाडून सुतळी ओवली. जर्मन आयांना सगळं एका वाक्यात पटलं. अमेरिकन आया आधी हसल्या, मग त्यांनी पाट्यांवर तारे रंगवले, आणि मग पोरांमध्ये कुणाची पाटी चांगली यावरून भांडणं लागली. लाजेचा प्रश्न तिथं संपला.

राहिला आमचा मुलगा. त्याला पाटीचा काही उपयोग नव्हता. त्याला सबंध मोसम चेंडूला हात लावायचा नव्हता. पाट्या पाहून तो माझ्याशी बोलेनासा झाला. त्याचं म्हणणं मला समजत होतं. सगळ्यांची सोय झाली आणि याचा खेळ गेला. ऑगस्टचा सामना त्यानं बाकावर बसून पाहिला. कुठल्या संघाच्या बाकावर बसायचं हा प्रश्न होताच. तो दोन बाकांच्या मधे गवतावर बसला. मास्तरांच्या संघासाठी एका पाववाल्याच्या मुलानं पिचिंग केलं, फार वाईट केलं, आणि मास्तरांचा संघ सपाटून हरला. हरल्यावर मास्तर स्वतः जाऊन त्या मुलाच्या पिशवीला पाटी अडकवून आले. सार्जंटनं आपल्या जिंकलेल्या पिचरला अडकवली. आमचा मुलगा ते बघत होता. सासूबाई त्याच्या शेजारी सतरंजी घालून बसल्या होत्या. खेळ कळतोय का असं मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं, एक पोरगं फेकतं आणि बाकीची त्याच्या जिवावर उभी राहतात, एवढं कळलं.

सप्टेंबरात त्या परत गेल्या. हिवाळ्यात कोपर हळूहळू मोकळं झालं. मी रोज त्याला गरम पाण्यात हात बुडवून उघडझाप करायला लावायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, ओढाताण नाही. फोटोत भेग भरत आलेली दिसली. पूर्ण सरळ होईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. एप्रिलमध्ये त्यांनी परवानगी दिली. हलके चेंडू, जवळून, आणि दुखलं की त्याच क्षणी बंद. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढचं फोटोवर अवलंबून नाही, तो खरं सांगतो का यावर आहे. आणि ते त्यांना फोटोत दिसत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी दोघं अंगणात उतरले तेव्हा मी खिडकीत उभी होते ती चेंडू बघायला नाही. यजमान एका टोकाला, हातमोजा उलटा घालून. मुलगा दुसऱ्या टोकाला. पहिला चेंडू घाबरत फेकला, दुसरा जरा बरा. मग त्याला लय सापडली. यजमान खूश झाले, एक पाऊल मागे सरकले. तो आणखी एक जोरात आला. यजमान म्हणाले, "शाब्बास, अजून एक, असाच."

मुलगा चेंडू हातात घेऊन उभा राहिला. चेंडू फिरवत राहिला. कोपराच्या आतल्या बाजूला त्यानं डाव्या हाताचा अंगठा टेकवून पाहिला. मी खिडकीत काही बोलले नाही. बोलले असते तर ते माझं उत्तर झालं असतं.

"बाबा," तो म्हणाला, "जरा दुखतंय. आज नको."

यजमानांनी हातमोजा काढला, चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या हातातून चेंडू घेऊन स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला. मग दोघं जिना चढून वर आले. मी चहा टाकला.